एक्सेलच्या वर्कबुकला मदत फाइल जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दूध संकलन केंद्रांसाठी मी एक एक्सेल वर्कबुक बनवलंय. सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) टाकायचं, दर आपोआप येतो आणि दर दहा दिवसांनी उत्पादकाचं बिल निघतं. आधी ते एकाच केंद्रावर होतं. सचिवांना काही अडलं की ते फोन करायचे, मी सांगायचो. मग ते शेजारच्या गावात गेलं, मग आणखी पाच ठिकाणी. फोन उचलण्यातच दिवस जायला लागला तेव्हा मदत फाइल लिहायला घेतली. लिहून चार रात्रींत झाली. पण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ती नीट उघडेपर्यंत महिना गेला. खालचे बरेचसे प्रश्न त्या महिन्यातले आहेत, काही अशीच कामं करणाऱ्या मित्रांनी नंतर विचारलेले.

कोडमधली नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

मदत फाइल म्हणजे नक्की कोणती फाइल? पीडीएफ चालत नाही का?

चालते. पण पीडीएफमध्ये माणसाला चाळीस पानांच्या दारात सोडून दिल्यासारखं होतं. ‘मदत फाइल’ म्हणजे जिथे अडलंय तिथलंच पान उघडणारी फाइल. विंडोजवर त्यासाठी मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये सीएचएम हा प्रकार आणला. बरीच एचटीएमएल पानं, डाव्या बाजूला अनुक्रमणिका आणि शोध, असं सगळं एकाच फाइलमध्ये दाबून बसवलेलं असतं. त्याआधीची एचएलपी फाइल आता विसरून जा. ती दाखवणारा प्रोग्रामच व्हिस्टापासून विंडोजसोबत येईनासा झाला. कुणी जुन्या वर्कबुकमधली एचएलपी ‘उघडत नाही’ म्हणून आणली, तर ती दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका.

माझं वर्कबुक छोटं आहे. मला सीएचएम लागेलच का?

बहुधा नाही. हे आधीच सांगतो, कारण मी उलट्या क्रमाने गेलो.

डेटा व्हॅलिडेशनमध्ये ‘इनपुट मेसेज’ नावाचा टॅब असतो. सेलवर गेलं की शेजारी पिवळसर चौकटीत मजकूर दिसतो. शीर्षकाला ३२ अक्षरं आणि मजकुराला २५५ अक्षरं मिळतात. मराठी चालते, मॅक्रो (वर्कबुकमधला आपला कोड) लागत नाही, वेगळी फाइल लागत नाही, म्हणजे हरवायला काही नाहीच. माझ्याकडे येणाऱ्या फोनांपैकी सगळ्यात जास्त फोन एकाच चुकीचे होते: फॅटच्या रकान्यात ३.५ ऐवजी ३५. त्या रकान्यावर मी एवढंच लिहिलं, ‘दशांश चिन्ह टाका. उदा. ३.५. मशीनच्या चिठ्ठीवर आहे तसंच.’ ते फोन जवळजवळ बंद झाले. ज्या मदत फाइलवर चार रात्री घालवल्या, तिने एवढं काम केलं नव्हतं.

त्यावरची पायरी म्हणजे वर्कबुकमध्येच ‘मदत’ नावाचं शीट आणि प्रत्येक शीटच्या कोपऱ्यातून तिथल्या नेमक्या ओळीवर नेणारी हायपरलिंक. फाइल कुठेही कॉपी केली तरी मदत सोबत जाते. वेगळी मदत फाइल घ्यायची ती युजरफॉर्म (माहिती भरायला स्वतः बनवलेल्या खिडक्या) बरेच झाले, स्वतःची फंक्शनं लिहिली किंवा चित्रांसकट समजावण्याची गरज पडली तेव्हाच.

सीएचएम बनवायची कशी?

एचटीएमएल हेल्प वर्कशॉप हे मायक्रोसॉफ्टचंच फुकट साधन. दिसायला विंडोज ९८ च्या काळातलं आणि आहेही त्याच काळातलं. प्रत्येक विषयाचं एक एचटीएमएल पान करायचं, प्रोजेक्ट फाइलमध्ये त्यांची यादी द्यायची आणि कंपाइल करायचं, म्हणजे सगळ्याची मिळून एक सीएचएम बनवायची. कमांड लाइनवरून कंपाइल करणार असाल तर एक गंमत लक्षात ठेवा. जवळपास सगळे प्रोग्राम काम फत्ते झालं की शून्य परत देतात. हा पठ्ठ्या यशस्वी झाला की १ देतो आणि फसला की शून्य. माझी बॅच फाइल दोन दिवस ‘चूक, चूक’ ओरडत होती आणि फाइल मात्र व्यवस्थित तयार होत होती.

प्रोजेक्टमध्ये ‘मॅप’ आणि ‘अलियस’ असे दोन विभाग भरावे लागतात. मॅपमध्ये प्रत्येक विषयाला क्रमांक, अलियसमध्ये त्या विषयाचं पान कोणतं ते. एक्सेल मदत फाइलशी फक्त या क्रमांकांतून बोलतं. पानाचं नाव त्याला कळत नाही. क्रमांक देताना मध्ये जागा सोडा: १०००, १०१०, १०२०. आणि एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या विषयाला कधीही देऊ नका. कुणाकडे तरी मागच्या वर्षीचं वर्कबुक असतंच, आणि त्यातलं ‘बिल छपाई’चं बटण मग तुमचं ‘उत्पादक वगळणे’ हे पान उघडतं.

ती वर्कबुकला कुठे कुठे जोडता येते?

व्हीबीए एडिटरमध्ये (एक्सेलमधली मॅक्रोचा कोड लिहायची खिडकी) टूल्स मेन्यूतून प्रोजेक्ट प्रॉपर्टीज उघडा. तिथे मदत फाइलचं नाव द्यायची जागा आहे. ते दिलं आणि युजरफॉर्मवरच्या कंट्रोलच्या ‘हेल्पकॉन्टेक्स्टआयडी’ या गुणधर्मात क्रमांक लिहिला, की तिथे एफ१ दाबल्यावर तेच पान उघडतं.

बटणामागच्या मॅक्रोत ‘ॲप्लिकेशन.हेल्प’ला फाइलचा पत्ता आणि क्रमांक द्यायचा. मेसेजबॉक्सवरही मदतीचं बटण आणता येतं. त्यासाठी ‘व्हीबीएमएसजीबॉक्सहेल्पबटन’ हा पर्याय (किंमत १६३८४) जोडून फाइल आणि क्रमांक हे पुढचे दोन घटक द्यावे लागतात. यातली सोय अशी की मदत दाबल्यावर मेसेज बंद होत नाही. माणूस वाचून परत येतो आणि मग ‘हो’ किंवा ‘नाही’ दाबतो. महिन्याचा डेटा पुसण्याआधीच्या प्रश्नावर मी हे मुद्दाम ठेवलंय.

माझ्या मशीनवर सगळं चालतं, दुसऱ्याकडे ‘फाइल सापडत नाही’ येतं. का?

कारण तुम्ही ‘डी’ ड्राइव्हवरचा स्वतःच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहून ठेवलाय. मीही तेच केलं होतं. प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये फाइल निवडायचं बटण दाबलं की एक्सेल पूर्ण पत्ता भरतं, आणि आपल्या मशीनवर तो बरोबरच असतो. सात केंद्रांवर फाइल गेली आणि सातही ठिकाणी मदतीचं बटण मुकं!

पत्ता लिहूनच ठेवायचा नाही, चालताना काढायचा. मदत फाइल वर्कबुकच्या शेजारी ठेवा आणि ‘धिसवर्कबुक.पाथ’च्या पुढे तिचं नाव जोडा. इथे ‘ॲक्टिव्हवर्कबुक’ वापरू नका. तुमची फाइल ॲड-इन (एक्सेलमध्ये मागे चालू राहणारी जोड-फाइल) असेल तर ॲक्टिव्ह वर्कबुक म्हणजे वापरणाऱ्याने त्या घडीला उघडलेली भलतीच फाइल असते आणि कोड मदत तिच्या फोल्डरमध्ये शोधतो.

युजरफॉर्मसाठी प्रोजेक्टमधला पत्तासुद्धा वर्कबुक उघडताना कोडने बदलता येतो, ‘धिसवर्कबुक.व्हीबीप्रोजेक्ट.हेल्पफाइल’ असं लिहून. पण त्यासाठी समोरच्याच्या ट्रस्ट सेंटरमध्ये (एक्सेलच्या सुरक्षा सेटिंग्जमध्ये) व्हीबीए प्रोजेक्टला हात लावायची परवानगी चालू असावी लागते. ती एरवी बंद असते आणि बंदच बरी. त्यापेक्षा फॉर्मवर एक छोटं प्रश्नचिन्हाचं बटण द्या आणि त्यातून ‘ॲप्लिकेशन.हेल्प’ चालवा.

‘सर, डावीकडं यादी दिसतीय, उजवीकडं नुसतं पांढरं.’

हा फोन मला शब्दशः असाच आला होता. हा प्रश्न सगळ्यात जास्त छळतो, कारण फाइल सापडलेली असते, उघडलेली असते आणि तरी रिकामी असते. कारणं तीन.

पहिलं, फाइल इंटरनेटवरून उतरवलेली असते. मेल, व्हॉट्सॲप, ड्राइव्ह कुठूनही आली की विंडोज तिच्यावर ‘बाहेरून आलेली’ अशी अदृश्य खूण मारतं. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’ची चौकट, त्यावर टिक, ओके. झिप करून पाठवली तर झिपलाच आधी अनब्लॉक करा आणि मग उलगडा. नाहीतर खूण आतल्या प्रत्येक फाइलवर उतरते. शिवाय जीमेल सीएचएम जोडूच देत नाही आणि आउटलुकही ती अडवतं. माझ्या बाबतीत म्हणूनच प्रकरण पेन ड्राइव्हवर गेलं.

दुसरं, फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये असते. सीएचएममधून दुसऱ्याच्या मशीनवर कोड चालवता येतो हे लक्षात आल्यावर मायक्रोसॉफ्टने जून २००५ च्या सुरक्षा सुधारणेत नेटवर्कवरून उघडलेल्या सीएचएमचा मजकूर दाखवणंच बंद केलं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) ‘मॅक्सअलाउडझोन’ची किंमत १ करून ते पुन्हा चालू करता येतं, आणि बऱ्याच ठिकाणी हाच उपाय सांगितला जातो. मी तो कुणाच्या मशीनवर करत नाही. एका मदत फाइलसाठी सगळ्याच सीएचएमना दार उघडं होतं. त्याऐवजी वर्कबुक उघडलं की कोड सामायिक फोल्डरमधली मदत फाइल वापरणाऱ्याच्या स्वतःच्या मशीनवरच्या ‘लोकलॲपडेटा’ फोल्डरमध्ये उतरवतो आणि तिथून उघडतो. दोन्हींची तारीख तपासायची आणि मूळ फाइल नवी असेल तेव्हाच कॉपी करायची, म्हणजे उघडायला वेळ लागत नाही. मूळ फाइल मात्र आधी अनब्लॉक केलेली हवी, कारण खूणही कॉपीसोबत उतरते.

तिसरं कारण विचित्र आहे. पत्त्यात कुठेतरी ‘हॅश’चं चिन्ह असेल तर पान रिकामं येतं. आत हे सगळं वेबपानासारखं चालतं आणि हॅशच्या पुढचा भाग पानातली खूण समजला जातो. कुणी तरी फोल्डरला ‘केंद्र #२’ असं हौसेने नाव दिलेलं असतं, आणि आपण दिवसभर रजिस्ट्री चाळत बसतो.

वनड्राइव्हमध्ये फोल्डर ठेवल्यापासून मदत उघडत नाही.

वनड्राइव्हशी जुळलेल्या फोल्डरमधून वर्कबुक उघडलं की ‘धिसवर्कबुक.पाथ’ ‘सी’ ड्राइव्हचा पत्ता देण्याऐवजी बऱ्याचदा वेबचा पत्ता देतो. त्याच्यापुढे फाइलचं नाव जोडलं की सीएचएम उघडणारच नाही. पत्ता ‘एचटीटीपी’ने सुरू होतोय का एवढं तपासा आणि तसं असेल तर वर सांगितलेली ‘लोकलॲपडेटा’तली प्रत वापरा. ती प्रत आधी एकदा हाताने तिथे ठेवावी लागते, त्याला इलाज नाही.

मॅक्रो चालू कसे करायचे हे मदतीत लिहिलंय, तरी लोक विचारतातच.

मदतीचं बटण मॅक्रोवर चालत असेल तर मॅक्रो बंद असलेला माणूस ते वाचणार कसा? कुलपाची किल्ली कुलपाच्या आत. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो एक्सेल थेट अडवतं, लाल पट्टी दाखवतं आणि पूर्वीसारखं ‘एनेबल’चं बटणही देत नाही. त्यामुळे हे पान वर्कबुकच्या पहिल्या शीटवर साध्या मजकुरात हवं: ही फाइल बंद करा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अनब्लॉक, पुन्हा उघडा. मी बाकीची शीटं लपवून फक्त हेच शीट दिसेल असं ठेवतो. मॅक्रो चालू झाले की तेच इतर शीटं उघडतात आणि हे लपवतात.

मदत मराठीत लिहिता येईल का?

पानं येतात, अनुक्रमणिका येत नाही. थोडं सविस्तर सांगावं लागेल.

सीएचएममधली पानं ही साधी एचटीएमएल असल्याने ती यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडची, सगळ्या लिपी चालणारी पद्धत) जतन केली आणि तसं वरच्या भागात लिहिलं की मराठी स्वच्छ दिसते. डावीकडची अनुक्रमणिका आणि शोध मात्र युनिकोडच्या आधीच्या जमान्यातले आहेत. ते सिस्टीमच्या कोडपेजवर, म्हणजे ठरावीक लिपीपुरत्या अक्षरांच्या तक्त्यावर चालतात. इंग्रजीला १२५२ आहे, रशियनला १२५१ आहे. देवनागरीला विंडोजने असं कोडपेज कधी दिलंच नाही. म्हणून तिथे प्रश्नचिन्हांची माळ दिसते. मी डावी बाजू बंद करून टाकली आणि पहिलंच पान अनुक्रमणिकेचं केलं. शोध गेला तो गेलाच.

हीच अडचण व्हीबीए एडिटरमध्ये. कोडमध्ये मराठी वाक्य चिकटवलं की प्रश्नचिन्हं होतात. मेसेजबॉक्सही सेलमधून घेतलेली मराठी दाखवत नाही. युजरफॉर्मवरचं लेबल मात्र दाखवतं. त्यामुळे माझ्या वर्कबुकमध्ये ‘मजकूर’ नावाचं एक लपवलेलं शीट आहे, एका रकान्यात क्रमांक आणि शेजारी वाक्य. सूचना द्यायची वेळ आली की कोड क्रमांकावरून वाक्य उचलतो आणि मी बनवलेल्या छोट्या फॉर्मच्या लेबलमध्ये टाकतो. याचा एक फायदा नंतर कळला. सचिवांनी सांगितलं की तुमच्या ‘अवैध नोंद’पेक्षा ‘हे दूध आधीच नोंदवलंय’ बरं, आणि मी कोड न उघडता शीटमध्ये ते बदललं.

फाइल आणि फोल्डरची नावं मात्र रोमन लिपीत ठेवा. फाइल आहे का हे तपासायला सगळे वापरतात त्या ‘डिर’ला देवनागरी पत्ता कळत नाही. ‘फाइलसिस्टिमऑब्जेक्ट’ला कळतो, पण पुढे सीएचएम उघडणारा प्रोग्राम अडतो.

एफ१ दाबल्यावर एक्सेलच्या मदतीऐवजी माझी मदत उघडेल का?

‘ॲप्लिकेशन.ऑनकी’ने एफ१ आपल्या मॅक्रोला बांधता येतो. पण तो फक्त तुमच्या वर्कबुकपुरता नाही, अख्ख्या एक्सेलचा बदलतो. माणूस शेजारच्या फाइलमध्ये गेला तरी एफ१ दाबल्यावर दुधाचा दर समजावणारं पान! म्हणून वर्कबुकच्या ‘ॲक्टिव्हेट’मध्ये बांधा आणि ‘डीॲक्टिव्हेट’मध्ये सोडा. सोडायचं म्हणजे ऑनकीला फक्त किल्लीचं नाव द्यायचं, मॅक्रोचं नाव द्यायचं नाही. तिथे रिकामं अवतरण दिलंत तर एफ१ पूर्ण मुका होतो.

मी लिहिलेल्या फंक्शनला मदत कशी जोडू?

‘ॲप्लिकेशन.मॅक्रोऑप्शन्स’. फंक्शनचं नाव, वर्णन, मदत फाइल, क्रमांक. मग फंक्शन विझार्डमध्ये खालच्या ‘या फंक्शनची मदत’ दुव्यावर तुमचं पान उघडतं. एक्सेल २०१० पासून प्रत्येक घटकाचं वर्णनही देता येतं. खरं सांगायचं तर केंद्रावर कुणी फंक्शन विझार्ड उघडताना मी पाहिलेला नाही. हे हिशेबनीसांसाठी, किंवा आपल्यासारख्यांसाठी.

काही जणांकडे मदत उघडताना कंपाइल एरर येते.

कोडमध्ये ‘एचएचकंट्रोल’ची एपीआय घोषणा (सीएचएम दाखवणारा विंडोजचा भाग थेट बोलावणारी ओळ) असेल आणि त्यांचं ऑफिस ६४ बिटचं असेल. २०१० पासून ६४ बिटचं ऑफिस आहे, आणि २०१९ पासून न विचारता तेच बसतं. घोषणेत ‘पीटीआरसेफ’ लिहा आणि खिडकीचे हँडल ‘लाँगपीटीआर’ करा. किंवा एपीआय काढूनच टाका आणि ‘शेल’ने विंडोजमधला ‘एचएच’ हा प्रोग्राम ‘मॅपआयडी’, क्रमांक आणि फाइलचा पत्ता देऊन चालवा. मदत एक्सेलबाहेर वेगळी चालते. दर वेळी नवी खिडकी उघडते एवढाच त्रास.

सामायिक फोल्डरमधली मदत फाइल बदलता येत नाही, ‘वापरात आहे’ म्हणतं.

कुणीतरी उघडून ठेवून चहाला गेलंय. स्थानिक प्रत उतरवण्याची पद्धत वापरलीत तर मूळ फाइल कुणी उघडतच नाही आणि हा प्रश्नच संपतो.

मॅक, मोबाइल, ब्राउझरमधलं एक्सेल, गूगल शीट्स?

मॅकवर एक्सेलमधून सीएचएम उघडत नाही. ब्राउझरमधल्या आणि मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये व्हीबीएच चालत नाही. अशी माणसं तुमच्यात असतील तर प्रत्येक विषयाचं वेगळं एचटीएमएल पान कुठेतरी वेबवर ठेवा आणि सेलमध्ये साधी हायपरलिंक द्या. सगळे विषय एकाच लांब पानात घालून हॅशने उडी मारायचा मोह होतो. पान स्वतःच्या डिस्कवर असेल तर एक्सेलमधून उघडताना ती उडी कधीकधी गळून पडते आणि माणूस पानाच्या डोक्यावर येतो.

गूगल शीट्समध्ये ॲप्स स्क्रिप्टने उजवीकडे साइडबार उघडता येतो, मराठी विनातक्रार. रुंदी ३०० पिक्सेलच, त्यामुळे तक्ते टाकू नका. आज मी नव्याने सुरुवात केली असती तर सीएचएमच्या वाटेला गेलो नसतो, वेबपानंच केली असती. पण निम्म्या केंद्रांवर नेट सकाळच्या दुधाच्या वेळीच जातं.

मदतीत लिहू काय?

मी एक वही ठेवली होती. फोन आला की तारीख आणि विचारणाऱ्याचे शब्द. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला की त्याचं पान. शीर्षकही त्यांच्याच शब्दांत: ‘डिग्री टाकली तरी दर येत नाही’ (डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरचं माप). ‘एसएनएफ गणनेतील त्रुटी’ असं पान कुणी उघडत नाही. उदाहरणाला गायीचं ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ घेतो, कारण दर तिथूनच वर-खाली मोजतात आणि ते आकडे सगळ्यांच्या तोंडात असतात.

छापून द्यावी का?

द्या. एका केंद्रावर मी पाच पानं छापून लॅमिनेट करून दिली. पुढच्या वेळी गेलो तर चार कपाटात होती आणि एक, दशांश चिन्हाचं, फॅट मशीनच्या वर खिळ्याला टांगलेलं.